जेवणघर चाललं

दूर दक्षिणेतल्या एका बेटावरच्या कास्त्रो शहरात एर्मेलिंदा ओयार्सोच्या हातचं जेवला नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांचं वार्षिक जेवण असो, कुणाच्या ऑपरेशनसाठी भरवलेला मेळा असो, नाहीतर चॅपेलची जत्रा असो, पातेल्यामागे हीच. शेवटी कुणी म्हणे, "बाई, दोन घास तुम्हीही खा की." त्यावर हिचं ठरलेलं उत्तर, "मी घरून खाऊन आलेय."

बहुतेक वेळा ते खोटं असे.

नवरा बोटीसकट समुद्रात बुडाला तेव्हा शेतकरी अबेलार्दो ग्वेन्तेओ बटाट्यांचं पोतं खांद्यावर घेऊन चिखल तुडवत हिच्या दारात आला होता. हिनं उंबऱ्यातूनच सांगितलं, "आमच्याकडे आहेत." घरात एक बटाटा नव्हता. अबेलार्दोनं पोतं पुन्हा खांद्यावर चढवलं आणि तो गेला. तेव्हापासून रस्त्यात भेटला की नुसती टोपीला बोट लावायचा.

बायकांच्या मंडळाची ती अध्यक्ष झाली, त्यालाही बरीच वर्षं झाली. मंडळाचं एक जेवणघर होतं, खाडीच्या काठाला खांबांवर उभं, लाकडी फळकुटांनी मढवलेलं. एकटे राहणारे म्हातारे-म्हाताऱ्या दुपारी तिथं गरम जेवायला येत. जागेचा जुना मालक वारला आणि मुलानं निरोप धाडला: हिवाळ्याच्या आत जागा मोकळी करा. पाद्रीबाबांनी टेकडीवर, रस्त्याच्या वळणावरचा जमिनीचा तुकडा देऊ केला. पण घर मोडून पुन्हा बांधण्याची ऐपत कुणाची? मिंगा करायची ठरली. सगळ्यांनी मिळून, बैल जुंपून, अख्खं घर ओढत न्यायचं.

मिंगेला रीत एकच. ज्याची गरज, त्यानं दारोदार जाऊन, डोकं उघडं करून, स्वतःच्या तोंडानं मागायचं. मागितलं की माणसं हातातलं काम टाकून येतात. न मागता जाणं म्हणजे आगंतुकपणा. आणि मंडळासाठी मागायचं ते अध्यक्षानं.

"दारोदार कशाला?" एर्मेलिंदा चिटणीस यास्नाला म्हणाली. "रेडिओवर सांग. कागद चिकटव. शिकलीस ना एवढी?"

"मावशी, पण लोक..."

"लोकांना कान आहेत."

यास्नानं रेडिओवर सांगितलं, कागद चिकटवले, फोनवरही धाडलं. पन्नासेक अंगठे वर आले. एर्मेलिंदा खूश झाली.

शनिवारी उजाडल्यापासून डुकराचं मांस आणि बटाटे शिजत होते. कुणी आलं नाही. बऱ्याच वेळानं समोरच्या रस्त्यानं एक शेजारी चालला होता, सोबत बैलजोडी.

"कुठे निघालात?"

"लाकडं आणायला."

"आज मिंगा आहे ना!"

"ऐकलं रेडिओवर." त्यानं बैल हाकायची पराणी चिखलात टोचली. "पण रेडिओ काय माझ्या दारात उभा राहिला नव्हता, बाई."

आत म्हातारी त्रान्सितो चमचा घेऊन बसली होती. ती रोज सगळ्यांच्या आधी यायची. तिनं विचारलं, "कुणाकुणाच्या दारात गेली होतीस?"

"कुणाच्याच नाही."

"मग बस आता पातेली ढवळत. पोरी, जन्मभर वाढत आलीस. वाढणाऱ्याचे पाय दुखतात, मागणाऱ्याची जीभ. तुझे पाय झिजले, जीभ मात्र कोरी करकरीत राहिली."

एर्मेलिंदानं पातेलं उतरवलं. शिजलेलं सगळं तिनं म्हाताऱ्यांना वाढलं, उरलेलं डब्यांत भरून दिलं आणि एप्रन काढून निघाली.

पहिल्या दारात "मंडळाचं घर..." एवढंच तिच्या तोंडून निघालं. घरची बाई वाट बघत राहिली, मग हसून म्हणाली, "हो, येतो. पण पूर्ण मागा तरी!" दुसरं दार सोपं गेलं. तिसऱ्या दारात मात्र माणूस म्हणाला, "येतो. पण आमचे बैल अबेलार्दोच्या बैलांमागेच चालतात. त्याला विचारलंत?"

अबेलार्दोचं दार उघडंच होतं. तिनं डोक्याचा रुमाल सोडला. भुरभुर पाऊस केसांवर बसत होता.

"मी मागायला आलेय."

"काय?"

"तुमचे बैल. आणि तुम्ही."

तो आत गेला आणि थाळी घेऊन आला. सालासकट उकडलेले बटाटे. "आधी खा."

'मी घरून खाऊन आलेय' हे वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. तिनं ते गिळलं. उंबऱ्यावर बसली आणि बटाटा फोडला. तो चौकटीला टेकून बघत राहिला.

"मीठ कमी आहे?"

"आहे."

"मग सांगायचं की. मागायचं."

त्यानं मीठ आणून दिलं. तिनं थाळी पुसून खाल्ली.

"पुढच्या शनिवारी," तो म्हणाला.

त्या शनिवारी धुकं हटायच्या आतच माणसं खाडीकाठी येऊ लागली. ज्यांच्या दारात ती उभी राहिली होती ते सगळे, आणि त्यांनी आपल्या माणसांकडे मागितलं होतं तेही. चढाच्या पायथ्यापर्यंत बैलच बैल, शिंगांवरून वाफ निघत होती. घर खांबांवरून सोडवून दोन लांब ओंडक्यांवर बसवलं होतं. त्रान्सितो घरातून खाली उतरायला तयार नव्हती.

"घर चालणार ना? मग या वयात मला कशाला चालवता?" ती खिडकीत बटाटे सोलत बसली. चूलही विझवू दिली नाही.

एर्मेलिंदानं भिंतीवर तळवा टेकवला. अबेलार्दोनं पराणी उचलली. माणसांनी दोर धरले.

साखळ्या ताणल्या. लाकूड कण्हलं. काही हललं नाही.

"पुन्हा!" तो ओरडला, आणि माणसांनी दोरांवर छाती टाकली. अख्खी टेकडी एका दमात श्वास घेते आहे असं वाटलं.

आणि भिंत एर्मेलिंदाच्या तळव्याखालून निघून गेली.

ती हात तसाच धरून उभी राहिली. जे घर तिनं वर्षानुवर्षं खालून पुसलं, वरून झाडलं, ते तिच्यासमोरून चाललं होतं. खिडकीत म्हातारी होती, धुराड्यातून धूर निघत होता, पडदे हलत होते. ढोल नव्हता, घोषणा नव्हत्या, फक्त पावलं आणि दम. चॅपेलएवढी वस्तू माणसांच्या नुसत्या 'हो'वर चढ चढत होती.  यास्नानं तिचा दंड धरला. "मावशी, रडताय?"

"गप. बघ नुसतं."

संध्याकाळी घर वळणावर टेकलं, जरासं तिरकं. पातेली उतरली. सवयीनं एर्मेलिंदानं डाव उचलला, पण तो यास्नानं काढून घेतला आणि अबेलार्दोनं बाकावर सरकून जागा केली. ती बसली. कुणीतरी तिच्यापुढे वाडगा ठेवला. तिच्याच हातचा रस्सा. तिनं एक चमचा तोंडात घातला आणि थांबली.

"अबेलार्दो," ती म्हणाली, "जरा मीठ द्या."