घट्ट आवळलेला व्हॉल्व्ह

व्हॉल्व्हच्या कामात माझा हात धरणारा कुणी नाही, वीस वर्षं गावाला पाणी सोडलंय मी. अमेरिकेत ट्रॉयला लेकाचं अख्खं घर मात्र मीच गारठवलं.

आज घर उबदार ठेवणाऱ्या रेडिएटरच्या तापल्या लोखंडाचा वास आला आणि तो पहिला हिवाळा आठवला. लेकानं रेडिएटरमधली हवा काढली, बॉयलरला पाणी चालू ठेवलं आणि कामावर गेला. मला ती नासाडी वाटली. तळघरात उतरून मी व्हॉल्व्ह आवळला. संध्याकाळपर्यंत पाण्यावाचून बॉयलर बंद, रेडिएटर थंडगार आणि महिन्याची नात दोन शालींत.

"बाबा, तुम्ही हात लावलात?" सुनेनं विचारलं.

"लावला. परत लावीन. पाणी तासभरच सोडायचं असतं."

आज नातीचे ते गार पाय आठवतात. तेव्हा मान ताठच होती.

त्याच संध्याकाळी बायको म्हणाली, "गाव आठ-आठ दिवस कोरडं का असायचं, ते आज कळलं."