सोनईची मोटार आणि आक्काचा पाय

दाजींचं पत्र आलं, विहिरीच्या पायरीवरून घसरून आक्काचा पाय मोडलाय, सूज उतरत नाही, नगरच्या दवाखान्यात न्यायचंय. मोटार आहेच, तुम्ही सोबतीला या. आक्का माझी थोरली बहीण, दाजी तिचे यजमान. चार ओळींच्या पत्रात मोटार तीनदा आणि पाय एकदा. मी लगेच नगरहून निघालो.

त्या बाजूला जाणाऱ्यांनी अंगात जुने कपडे घालावेत. लढाईपायी पेट्रोल मिळत नाही, म्हणून औरंगाबाद रस्त्यावरच्या बसगाड्या कोळशावर चालतात आणि उतारू काळे होऊन उतरतात. घोडेगावला चहा बरा, भजी खाऊ नयेत. पुढं सोनईपर्यंत कच्चा रस्ता, भाड्याची बैलगाडी रुपयात मिळते. गाडीवान सोनईत थांबायला तयार होता, पण परतताना मोटारीत बसायचं म्हणून मी त्याला घालवून दिलं. दाजींना एकट्यालाच मोटारीनं झपाटलं होतं असं म्हणता येणार नाही.

मोटार मारुतीच्या पारापाशी उभी होती, टपावर कोंबड्या.

"घरापाशी का नाही नेली?" मी दाजींना विचारलं.

"बोळाला कोपर हाय, पाव्हणं. वेस मापून घेतली हुती, कोपर मापायचा राहिला."

मोटारीला जागा हवी म्हणून दाजींनी आधीच गोठा रिकामा केला होता. बैलजोडी गेली, गाडीही गेली, कारण मोटारवाल्याच्या दारात बैलगाडी शोभत नाही. घरात माणसं दोन, पोरबाळ नाही. शेजारच्या पाटलांकडं वीस माणसं आणि चार बैलगाड्या, पण सुगीमुळं चारही रानात.

शेजाऱ्यांनी आक्काला बाजेवर घालून बोळातून आणलं. कोपऱ्यावर बाज तिरपी करावी लागली, तेव्हा तिनं दातात पदर धरला. मोटारीत बसवली. दाजींनी कोट घालून हँडल मारलं. मोटार दोनदा खोकली आणि गप्प झाली. महिन्याचं कुपनाचं पेट्रोल पारापासून वेशीपर्यंत आणि वेशीपासून पारापर्यंत फिरवण्यात संपलं होतं. मला दाजींची किळस आली.

गावाबाहेर ख्रिस्ती वस्ती आहे. कुणा मिशनच्या साहेबानं दोरी धरून आखलेली, रस्ता सरळ आणि रुंद. तिथं बऱ्याच घरांत नवराबायको दोघं मास्तर, शाळा वेगवेगळ्या गावी, म्हणून दारोदार सायकली. बैलगाडी मात्र सगळ्यांत मिळून एक, ज्याला लागेल त्यानं जुंपावी. मी तिकडं धावलो. योसेफ मास्तर म्हणाले, "गाडी शेवगावला गेली हाय. सकाळी येईल, आली की मी सोता घेऊन येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर गाडी घेऊन आले. दाजी त्यांना हळूच म्हणाले, "मागच्या अंगानं न्या. पारावर लोक बसल्यात."

आक्कानं ऐकलं. "पारावरनंच न्या. पाय मोडलाय माजा, कुणाला चोरून न्यायचं काय कारन न्हाई."

घोडेगावपर्यंत मास्तरांची गाडी, पुढं बस. नगरहून येताना इमामपूरचा घाट उतरणीचा असतो, परतताना चढणीचा. कोळशाची बस अर्ध्यातच धापा टाकायला लागली. सगळे उतरून ढकलू लागलो. मोटारीचे मालक कोटासकट ढकलत होते आणि आक्का आत बसून होती. एवढी एकच गोष्ट त्या प्रवासात मला बरी वाटली.

डॉक्टर म्हणाले, आधी आणायला हवं होतं, पाय आता जरा वाकडाच राहील. घोडेगावच्या गाडीवानाला मी थांबवून घेतलं असतं तर निदान एक दिवस वाचला असता. डॉक्टरांना हे मी सांगितलं नाही.

महिन्याभरानं दाजी तिला न्यायला माझ्या घरी आले, बसनंच.

"बोळातली पडवी पाडली," ते खुशीत म्हणाले. "आता मोटार थेट आत येती."

आक्का काठी टेकत बाहेर आली. "पडवीत मी निजत हुते. तितं आता काय हाय?"

"तितंच मोटार उभी हाय."

"मग ऱ्हाऊ द्या तिला."

दाजींना वाटलं ती रागानं बोलतेय, उतरेल राग. दुपारपर्यंत बसले, जेवले, मग एकटेच निघाले. त्याला आता दोन वर्षं झाली. आक्का लंगडत माझ्याच घरात वावरते. सोनईच्या घरात दाजी आणि मोटार, असे दोघं राहतात.