डावी पाकळी

फेब्रुवारी १९९६, सोमवार. इब्रामपूरला घरी मशीनवर परकर शिवत होते. शिवण वाकडी जाते म्हणून मशीनला दोष दिला, तेल घातलं, सुई बदलली. मग सहज दाराकडे पाहिलं, तर चौकटही मधोमध वाकलेली. माझा डावा डोळा लहानपणापासून अधू. सगळा भार उजव्यावर, आणि आता त्याच्यासमोर धुरकट डाग. म्हापशाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळ्याच्या पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्यांचं जाळं वाढलंय, ते पाझरतंय. मुंबईला शस्त्रक्रिया करून काढता येईल, पण लवकर. आणि नजर पूर्वीसारखी होईलच असं नाही.

हे शेवटचं वाक्य मला पचेना. मी नवससायास करणारी बाई नव्हे. तरी आमच्याकडे मोठ्या कामाआधी देवाला प्रसाद लावतात: मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारायचा, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गावच्या देवळात गुरवांनी गाऱ्हाणं घातलं आणि मी विचारलं, "माझी नजर पूर्वीसारखी होईल ना?" थोड्या वेळाने डावी पाकळी पडली. मी पिशवी उचलली. गुरवांना म्हटलं, संपलं, शस्त्रक्रियेला मुंबईला जायचंच नाही.

मागे एक अनोळखी म्हातारी आपल्या पाळीची वाट पाहत बसली होती. म्हणाली, "अगो बाय, खंय चललंस? दिसतला काय नाय, ता डॉक्टराक इचार. देवाक इचार, जाव काय नको."

"उत्तर मिळालं की, आजी."

"तुका हमी होयी. देव काय दुकानदार आसा?"

गुरव हसले. मला राग आला, पण पिशवी खाली ठेवली. पुन्हा पाकळ्या लावल्या. या वेळी एवढंच विचारलं, "जाऊ का?" उजवी पडली.

मुंबईत डोळा बधिर केला होता, मी जागी होते. डॉक्टरांनी पडद्याला बारीक छिद्र पाडून खालचं जाळं चिमट्याने ओढून काढलं आणि डोळ्यात वायूचा फुगा सोडला. मी तेव्हा काहीच मागत नव्हते. इतकं शांत मला आयुष्यात क्वचितच वाटलं असेल. फुग्याने पडदा आतून दाबून धरावा म्हणून आठवडाभर मान खाली. जेवण, झोप, सगळं तसंच. यजमान पेजेची वाटी धरून म्हणाले, "वीस वर्सां झाली लग्नाक, आज पयल्यांदा मान खाली घालून ऐकतंस!"

डाग थोडा उरलाच. बारीक अक्षर लागत नाही, पण माणसांचे चेहरे ओळखते. ती म्हातारी त्या दिवशी मागे बसली नसती तर हेही गेलं असतं. तिला तिथे कोणी बसवलं, याचा वाद मी घालत नाही. देवाचं उत्तर मी आधीच ठरवून गेले होते, एवढं मात्र कळलं.

गावी परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी नारळ घेऊन देवळात गेले. गुरव ओल्या पाकळ्यांचं ताट घेऊन पुढे आले. "आज काय इचारूचा?"

"काही नाही," म्हटलं. नारळ ठेवला, नमस्कार केला आणि घरी येऊन स्वयंपाकाला लागले.