धरून ठेवलेल्या चाळीस जागा

एका सोमवारी सकाळी पावणेआठ वाजता विद्यापीठाच्या एका वर्गात चाळीस खुर्च्यांवर टिश्यू पेपरची चाळीस पाकिटे आढळली. वर्गात माणूस एकही नव्हता. पोलीस खात्यातून माझ्या निवृत्तीला तेव्हा अकरा महिने बाकी होते. काही मोठे तपास आता धूसर झाले आहेत. ही पाकिटे मात्र धूसर झालेली नाहीत.

खबर विद्यापीठाच्या सुरक्षारक्षकाने फोनवर दिली. "चाळीस जागा चोप झाल्यात, म्हणजे धरल्यात. फळ्यावर मागणी लिहिलीय." ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याने नोंद केली: चाळीस जण, विनापरवाना जमाव. सिंगापूरमध्ये परवान्याशिवाय एकट्याने फलक घेऊन उभे राहणेही गुन्हा ठरू शकतो. दोन गाड्या निघाल्या.

वर्ग रिकामा होता. प्रत्येक पाकिटावर मार्करने एकेक नाव, प्रत्येकाचे हस्ताक्षर वेगळे. फळ्यावर ओळ होती: 'ब्लॅक स्टडीज, तास पहिला. प्राध्यापकांची वाट पाहत आहोत.'

सफाई करणारी आंटी साडेसहालाच येऊन गेली होती. तिने फरशी पुसली होती, पाकिटांना हात लावला नव्हता.

"कचरा म्हणून उचलली का नाहीत?" मी विचारले.

"चोप केलंय लाह," ती इथल्या बोलीच्या ढंगात म्हणाली. "दुसऱ्याची जागा मी कशी उचलू? तुम्ही पोलीस, तुम्ही उचला."

माझ्या सार्जंटने हात पुढे केला आणि मागे घेतला. इथल्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या सार्वजनिक जागेत, जेवण आणायला जाण्याआधी लोक टेबलावर टिश्यूचे पाकीट ठेवतात. त्याला चोप करणे म्हणतात. ती जागा मग दुसरा कोणी घेत नाही.

कॅमेऱ्यात सहा वाजून दहा मिनिटांनी एक मुलगी पिशवी घेऊन आत जाताना दिसली आणि वीस मिनिटांत बाहेर पडताना. ती नायजेरियाची, तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, स्टुडंट पासवर, म्हणजे विद्यार्थी म्हणून मिळालेल्या परवान्यावर, राहणारी. गुन्हा दाखल झाला असता तर पास जाण्याची शक्यता होती. पास गेला की पदवी अर्धी टाकून परत जाणे आले.

अकरा वाजता ती ठाण्यात आली. हातात एक फाइल होती.

"बाकीच्या एकोणचाळीस जणांनी काय केलं?" मी विचारले.

"नाव लिहिलं, अंकल."

"सर म्हण," सार्जंट म्हणाला.

"राहू दे," मी म्हणालो. "वर्गात कोण कोण आलं?"

"मी एकटी."

"तू तरी का थांबली नाहीस?"

"थांबले असते तर ते बसणं झालं असतं."

मी लिहिणे थांबवले. तिने शांतपणे पुढे सांगितले. अमेरिकेत कृष्णवर्णीय विद्यार्थी विद्यापीठांच्या इमारतींत जाऊन बसले. संप झाले, धरपकड झाली, काहींना काढून टाकले. त्यातूनच त्यांचा इतिहास शिकवणारे ब्लॅक स्टडीजचे विभाग उभे राहिले. "त्यांनी बसून मिळवलं. इथे मला बसता येत नाही. म्हणून जागा चोप केली."

"हे तुला कोणी सुचवलं?"

"विद्यापीठानेच."

तिने फाइल उघडली. आत दोन कागद होते. पहिले, तिच्या मागणीला उत्तर म्हणून आलेले विद्यापीठाचे पत्र: असा विषय सुरू केल्यास जागा भरतील याचा पुरावा नाही. दुसरा त्या वर्गाच्या आरक्षणाचा, सोमवारी सकाळी सहा ते नऊ, अभ्यासगटासाठी, तिच्या नावावर.

दुपारपर्यंत दोन्ही कागद खरे असल्याची खात्री केली. पाकिटांवर नावे असलेल्यांपैकी सहा जणांना वेगवेगळे बोलावले. त्यांतला एक पुण्याहून आलेल्या आयटी इंजिनिअरचा मुलगा होता. माझे आडनाव वाचून तो मराठीत बोलू लागला. "काका, आम्ही फक्त जागा धरली." सहाही जणांचे म्हणणे एकच होते: हा विषय सुरू झाला तर आम्ही वर्गात बसू.

माझे वडील इथल्या सेम्बावांगच्या गोदीत फिटर होते. आमच्या घरात मराठी, ठाण्यात इंग्रजी. त्या मुलाचा शब्द डोक्यात राहिला. मराठीत जागाही धरतात आणि धरणेही धरतात. या मुलीने पहिले धरून दुसऱ्याचे काम केले होते. अहवाल इंग्रजीत असल्याने हे त्यात लिहिता आले नाही. मी लिहिले: जमाव नव्हता, वर्ग रीतसर आरक्षित होता, विद्यापीठाने मागितलेला पुरावा विद्यार्थिनीने विद्यापीठाच्याच वर्गात ठेवला. वरिष्ठांनी अहवाल दोनदा वाचला. 'पुढील कारवाई नाही' असा शेरा मारला आणि विचारले, "पाकिटं कुठे आहेत?" मुद्देमाल म्हणून ती जमा होती. यादीप्रमाणे मोजून परत केली.

त्यानंतर जमावाची खबर आली की मी आधी विचारत असे, तिथे माणसे आहेत का. दुसरी गोष्ट शिकायला वेळ लागला. कायदा मोडणारे मी पुष्कळ पाहिले, घाबरून पाळणारे त्याहून अधिक. कायदा माझ्याइतका बारकाईने वाचून, त्याच्या आत उभे राहून आपली मागणी पुढे नेणारी ती एकटीच.

पुढच्या वर्षी विषय सुरू झाला. ती तेव्हा शेवटच्या वर्षात होती. बाहेरच्यांना बसण्याची मुभा होती, म्हणून मी ईमेलने नाव कळवले; यादी तीच ठेवत होती. पहिल्या तासाला मी दहा मिनिटे उशिरा पोहोचलो. वर्ग भरलेला होता. शेवटच्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर टिश्यूचे पाकीट होते. त्यावर मार्करने लिहिले होते: अंकल.