तिसऱ्या अंकातली मिशी

आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकात बायकांची कामं अजून पुरुषच करतात. यंदाच्या नाटकात नायिका स्वतःचाच भाऊ बनून, मिशी लावून, स्वतःच्या लग्नाची बोलणी करायला जाते आणि त्या बावळट प्रियकराला शेवटपर्यंत पत्ता लागत नाही. ही नायिका म्हणजे माझा नवरा. तिसऱ्या अंकात खोटी मिशी लावायची, आणि या शहाण्याने पहिल्या अंकात बाई दिसायला खरी काढून टाकली.

आमच्याकडे बाप गेल्यावरच मुलगा मिशी काढतो. इथे बाप खुर्चीत धडधाकट बसलेला. सासऱ्यांनी मुलाकडे एकदा पाहिलं, मला विचारलं, "मी जिता हाय ना गो?" आणि त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं बंद. जेवताना मीठसुद्धा माझ्यामार्फत मागायचे. नवरा वरवर हसायचा, पण ताटात अर्धं तसंच टाकून उठायचा. बापाने एकदा बोलावं, एवढंच त्याला हवं होतं. दोघेही सारखेच हट्टी, मध्ये माझा जीव मेटाकुटीला आला.

जत्रेच्या आधी सासऱ्यांचा मावसभाऊ सहज आला. तो न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलर चालवतो. अंगणातच त्याला माझ्या नवऱ्याचं सपाट तोंड दिसलं. डोक्यावर टोपी, त्यामुळे केस शाबूत आहेत हे कळायला मार्ग नव्हता. त्याने गळ्यात पडून हंबरडाच फोडला.

"दादा गेला आनि मला कळवला पन न्हाय?"

नवरा "काका, ऐका तर" म्हणत होता, पण ऐकतो कोण. मी सांगायला पुढे झाले, तर दाराआडून सासऱ्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मेलेला माणूस आतून कान देऊन ऐकत होता, आणि मला मेलीला हसू आवरेना.

"मिठागरातून त्यानंच मला काढला, गाडी शिकवली," काका रडत सांगत होता. "तुझ्या हाती पयल्यांदा ट्रक दिला ना, त्या दिशी तू परत येईपर्यंत जेवला न्हाय तो."

हे माझ्या नवऱ्याला ठाऊक नव्हतं. बाबा आत आहेत हे सांगायचंच तो विसरला आणि खरोखर रडायला लागला. माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

तेव्हा सासरे बाहेर आले. काका मटकन पायरीवर बसला. त्याला पाणी दे, असं त्यांनी मला खुणावलं आणि मुलासमोर जाऊन उभे राहिले.

"याचा बोलून झाला. आता तू बोल," ते म्हणाले. "मी खराच जाईन तवा ऐकाला नसन."