बेबीमावशीनं पाहिलेलं

बेबीमावशी माणसाच्या तोंडाकडे कधी बघायची नाही. बोलताना तिची नजर समोरच्याच्या खांद्यावर, मनगटावर, फार तर गळ्यापर्यंत. पण तलवाड्यातल्या निम्म्या बायकांची मापं तिला तोंडपाठ होती. ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या बाईला ती सरळ म्हणायची, "दंड सुकलाय तुझा. जेवत न्हाईस का?" माझे मामा, म्हणजे तिचे सख्खे भाऊ, चिडायचे. "कुठं काय बोलावं, कळतच न्हाई हिला."

मावशीचं लग्न झालं नव्हतं. मामांच्याच घरी पुढच्या खोलीत तिची शिलाई मशीन होती. मशीनची घरघर तिला चालायची. कुकरची शिट्टी झाली मात्र कानांवर हात दाबून अंगणात जायची.

मामांच्या सुनेनं, सुरेखावहिनीनं, एका ऐन उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्यांचे ब्लाउज शिवायला सांगितले. घरात प्रत्येकाला कारण माहीत होतं. मलाही; सुट्टीला गेले होते, रात्री मामांच्या मुलाचं ओरडणं आणि वहिनीचं रडणं भिंतीपलीकडून ऐकलं होतं. माप घ्यायच्या दिवशी वहिनीची आई आणि भाऊ लग्नाची पत्रिका घेऊन आले होते. त्यांच्यादेखत मावशीनं दंडाला टेप लावला आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "हिच्या दंडावर पट्ट्याचे वळ हायेत. जुने पिवळे पडलेत, दोन नवे हायेत."

भाऊ वहिनीला त्याच दिवशी घेऊन गेला. मामांच्या मुलावर पोलिसांत तक्रार झाली, साक्षीदार म्हणून मावशीचं नाव लागलं. मामा तिला घेऊन शहरातल्या दवाखान्यात गेले. बाई वेडी आहे, एवढा कागद त्यांना हवा होता. मीही सोबत होते.

डोक्याला वायरी लावून मेंदूची तपासणी झाली. दोष निघाला नाही. मग डॉक्टरीणबाई तिच्याशी दोन तास बोलल्या, लहानपणचं सगळं विचारलं. जन्मापासून ऑटिझम आहे, म्हणाल्या. समोरच्याच्या मनातलं ओळखणं यांना अवघड जातं. मामांनी तेवढंच उचललं. "म्हंजे हिच्या बोलण्याला अर्थ न्हाई, असंच ना?"

"चेहरे, इशारे समजून घेताना त्यांचा मेंदू वेगळ्या रीतीनं काम करतो," बाई म्हणाल्या. "डोळ्यांनी पाहिलेलं त्यामुळं खोटं होत नाही."

मामांनी गावात मात्र उलटंच सांगितलं, आणि गावानं ते मानलं. माझा संताप अजून जात नाही. इशारे ओळखणारे तर आम्ही होतो. मामांच्या कपाळावरची आठी, मामीचा दाबलेला ओठ, आम्हाला सगळं बरोबर कळायचं. त्या कळण्यापायी आम्ही एका बाईला महिनोन्‌महिने मार खाऊ दिला, आणि समज कमी असल्याचा शिक्का बसला तो मावशीवर.

महिन्याभरात मामांनी तिला घराबाहेर काढलं. वहिनीच्या आईनं आष्टीला तिच्यासाठी खोली बघितली. मशीन टेम्पोत चढवल्यावर मी म्हणाले, "मावशी, आमचं चुकलं."

"तुलाबी म्हाईत होतं?"

"होतं."

"मग तू कावून बोलली न्हाईस?"

त्यात टोमणा नव्हता. तिला ते खरंच समजत नव्हतं. टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न दिला, तरी ती माझ्या उत्तरासाठी तशीच उभी राहिली.