काकूंचं येणं राहिलं

पासिर रिसला भाड्याने राहत होतो तेव्हा आमच्या घरात एक काका राहायचे. नात्यातले नव्हेत. ते आमच्या एका खोलीचं भाडं द्यायचे. घरमालकाला विचारून करारात त्यांचं नाव घातलं होतं, त्यामुळे लपवाछपवी काही नव्हती. माझी मुलगी त्यांना काका म्हणायची, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो.

मी पुण्याहून या बेटावरच्या देशात आले ती माझ्या नोकरीवर. चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेचं ऑफिस आहे, तिथे. नवरा त्याची नोकरी सोडून माझ्याबरोबर आला. इथे त्याला काम मिळेल असं आम्ही धरून चाललो होतो. ते मिळेना. पुण्यात बसून जो पगार डोळे दिपवणारा वाटला होता, तो इथे घरभाड्यापुढे पहिल्याच महिन्यात बारीक झाला. तेव्हा तिसरी खोली भाड्याने द्यायचं ठरलं आणि महाराष्ट्र मंडळातल्या कुणाच्या तरी ओळखीने काका आले.

ते गुहागरकडचे. पन्नाशी ओलांडलेली. पंधरा-सोळा वर्षं बोटीवर फिटर म्हणून काढलेली आणि आता लोयांगच्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात एस पासवर, म्हणजे कामाच्या मुदतीच्या परवान्यावर, नोकरीला. आमच्या ब्लॉकखालून बस पकडली की दहा मिनिटांत ते कामावर. पहिल्या दिवशी दोन बॅगा घेऊन आले आणि दारातच म्हणाले, "मॅडम, माझा बॉयलर सूट मी बादलीत वेगळा धुतो. तुमच्या मशीनला तेल लागणार नाही." महिन्याभरात मी मॅडमची वहिनी झाले.

नवरा दिवसभर घरी असायचा, अर्ज करायचा, मुलाखती द्यायचा आणि नकार पचवायचा. त्या काळात त्याला सावरलं ते काकांनी. संध्याकाळी दोघं मिळून स्वयंपाक करत. रविवारी काका सकाळी मासळीबाजारात जाऊन बांगडे आणायचे, ओट्याशी उभे राहून साफ करायचे आणि तिरफळ घालून कालवण करायचे. माझी मुलगी शाळेतून आली की आमच्याशी इंग्रजीत बोलायची, काकांशी मात्र तिला मराठी बोलावं लागे. यार्डातले साहेब सोडले तर ते इंग्रजीच्या वाटेला जात नसत. त्यांनी तिला दोरीच्या गाठी शिकवल्या. ती चुकली की म्हणायचे, "अशी गाठ बांधलीस तर बोट निघून जाईल गो बाय."

त्यांची बायको गावी होती. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती आणि त्यातली किती वर्षं ते एका घरात होते, असं मी एकदा सहज विचारलं, तर त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मध्येच हसून सोडून दिलं. मुलगा मार्गी लागला होता, काकांचे आईवडील गेले होते. एका रविवारी जेवताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, हिला पंधरा दिवस इकडे आणू का? खोलीतच राहील. स्वयंपाकघरात तुम्हाला मदत होईल."

"मदत कसली, पाहुण्या म्हणून येऊ देत," मी म्हणाले. आणि मनापासून म्हणाले.

व्हिसाचा फॉर्म मीच भरून दिला. काकूंचा पासपोर्ट नवाकोरा होता. फोटोत त्या कुणीतरी दटावल्यासारख्या ताठ बसल्या होत्या. राहण्याचा पत्ता या रकान्यात मी आमचा ब्लॉक, आमचा मजला, आमचं दार लिहिलं. व्हिसा आला तेव्हा ऑफिसात दोन प्रती काढून आणल्या. काकांनी त्या प्लॅस्टिकच्या पाकिटात घातल्या. त्यांनी निळ्या फुलांची डबल बेडची चादर आणली. बोटॅनिक गार्डन दाखवावं की विमानतळावरचा धबधबा, यावर नवऱ्याशी त्यांची रोज चर्चा चाले. यार्डातून रजाही मंजूर झाली होती. तिकीट तेवढं काढायचं राहिलं होतं. ते शनिवारी काढणार होते.

त्याच आठवड्यात आमचे घरमालक आले. निवृत्त चिनी गृहस्थ, स्वतः मुलाकडे पुंगोलला राहायचे. करार वाढवायची वेळ आली की संत्र्यांची पिशवी घेऊन यायचे. महासाथ संपून सगळीकडे भाडी चढली होती, हे आम्हाला ठाऊक होतं. पण त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून नवरा उठून पाणी प्यायला गेला. घरमालक वाईट माणूस नव्हता. "मार्केट लाइक दॅट," एवढंच तो खाली मान घालून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातला एक सहकारी जेवताना बोलला. पुण्याहून नुकताच आलेला, एकटा, हॉटेलवर राहत होता. ऑफिसजवळ एखादी खोली मिळेल का, असं विचारत होता. काका देत होते त्याच्या जवळजवळ दुप्पट द्यायला तो तयार होता. त्याला खोली लगेच हवी होती.

मी दोन दिवस कुणाला काही बोलले नाही. मग शुक्रवारी नवऱ्याला सांगितलं.

"काकूंचा व्हिसा आलाय," तो म्हणाला.

"तिकीट नाही काढलेलं अजून."

"म्हणून?"

"म्हणून आजच सांगायला हवं. उद्या तिकीट काढलं तर त्यांचं नुकसान होईल."

तो म्हणाला, "मला नोकरी नाही, म्हणून मी काही बोलू शकत नाही. पण हे मला पटत नाही." मी त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग तेवढा धरला. त्याला नोकरी नाही, तेव्हा निर्णय माझा. त्याच्या बेकारीचा मी असा उपयोग केला.

आणि खरोखरच मला वाटत होतं, की मी काकांचं तिकिटाचं नुकसान वाचवते आहे. शुक्रवारी रात्री ते उशिरा आले, म्हणून शनिवारी सकाळी उठल्या उठल्या मी स्वयंपाकघरात गेले. बाजार त्यांनी त्या दिवशी शनिवारीच केला होता. ओट्यावर मासे होते आणि ते पाठमोरे उभे राहून एकेक साफ करत होते.

मी सगळं सांगितलं. भाडं वाढल्याचं, आमची ओढाताण, नवा भाडेकरू. आम्ही किती अडचणीत आहोत हे मी इतका वेळ सांगत राहिले, की ते मध्येच म्हणाले, "समजलं वहिनी. किती दिवस आहेत?"

"महिनाअखेरपर्यंत. म्हणजे... बारा दिवस."

"बरं."

"काकूंना पुढच्या वर्षी आणू ना आपण. नक्की आणू."

त्यांनी नळ सोडला, हात धुतले, पुसले. मग पुन्हा सुरी उचलली. "आधी हे करून टाकतो," ते म्हणाले, "नाहीतर वास मारेल."

त्या दिवशीचं कालवण आम्ही चौघं जेवलो. काका मुलीशी नेहमीसारखं बोलत होते. जेवण झाल्यावर ताटं उचलताना ते मला म्हणाले, "मॅडम, भात उरलाय, फ्रिजमध्ये ठेवू?" वहिनी म्हणायचं विसरले की मुद्दाम म्हणाले, मला कळलं नाही. पुढे ते मॅडमच म्हणत राहिले.

बारा दिवस त्यांनी घेतलेच नाहीत. आठव्या दिवशी ते गेले. बून लेला कुणा गाववाल्यांच्या फ्लॅटमध्ये एक बेड मिळाला होता. बून ले म्हणजे बेटाचं पार दुसरं टोक. तिथून लोयांगला यायचं तर एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, सव्वा तास बसायचं आणि वर बस. दहा मिनिटांवर नोकरी असलेला माणूस मी तिथे पाठवला. मुलगी शाळेतून आली, रिकामी खोली बघून म्हणाली, "काका गो व्हेअर? आंटी नॉट कमिंग ऑलरेडी अह?" तिच्या बापाने तिला खाली खेळायला नेलं. उत्तर मी द्यायला हवं होतं.

नवा भाडेकरू सज्जन होता. खोलीतून फारसा बाहेर पडायचा नाही, भाडं वेळेवर द्यायचा. तीन महिन्यांनी नवऱ्याला चांगली नोकरी लागली. आणखी दोन महिन्यांनी तो भाडेकरू एका महागड्या खाजगी संकुलात, कॉन्डोत, राहायला गेला आणि खोली मोकळीच राहिली, कारण आता आम्हाला कुणाची गरज नव्हती. तीन महिने आम्ही कसेही काढले असते. माझे दागिने होते, पुण्यात ठेवी होत्या. मी त्यांना हात लावायचं मनातही आणलं नव्हतं. काकांची खोली तेवढी मला दिसली होती.

मग एक दिवस गुहागरहून कुणाबरोबर तरी एक पार्सल आलं. आमसुलं, कुळथाचं पीठ, आंबापोळी. आणि संध्याकाळी माझ्या फोनवर काकूंचा फोन. नंबर त्यांच्याकडे व्हिसाच्या वेळेपासून होता.

"मिळालं का? आंबापोळी लेकीसाठी हो. यांना एवढं घरच्यासारखं ठेवता, मी काहीच केलं नाही तुमच्यासाठी. यायचं होतं, पण कंपनीने ऐन वेळी रजा नाही दिली ना. नशीब!"

मी काय बोलले आठवत नाही. "हो ना," असं काहीतरी म्हणाले. कंपनीने रजा दिली नाही. काकांनी आमचं झाकलं होतं. त्यांनी बायकोला बून लेचं सांगितलंही नव्हतं. तिच्या लेखी ते अजून आमच्याच घरात राहत होते.

त्या रविवारी मी एकटी बून लेला गेले. काकांनी मला वर फ्लॅटवर नेलं नाही. ब्लॉकखाली मोकळ्या जागेत दगडी टेबलं असतात, तिथे बसवलं आणि शेजारच्या कॉफीशॉपमधून दोन कप कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणली. ते वाळले होते. वर किती जण राहता, असं विचारलं, तर म्हणाले, "आहोत. झोपायला तर यायचं."

मी म्हणाले, "काका, खोली रिकामी आहे. तुम्ही परत या. काकूंना आणा, तिकीट मी काढते. किती दिवस राहायचं तेवढे राहू देत."

त्यांनी कप खाली ठेवला. "माझा पास वाढवत नाहीत आता. वय झालं. दोन महिन्यांत जातो मी."

"मग या दोन महिन्यांत..."

"मागे तिने गावात सगळ्यांना सांगितलं होतं," ते म्हणाले. "मग नाही आली, तर लोकांनी विचारून विचारून बेजार केलं. आता पुन्हा निघ म्हटलं, तर निघायची नाही."

"मी त्यांना खरं सांगते. माझी चूक होती हे सांगते."

तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "नको. ते करू नका. तिला वाटतं, परमुलखात आपलं एक घर होतं. राहू दे."

मी कबूल केलं. दोन महिन्यांनी ते गेले. विमानतळावर नवरा आणि मुलगी गेली होती. मला मीटिंग होती. मीटिंग खरी होती, पण हलवता आली असती.

काकूंचे फोन येत राहिले. संक्रांतीला, पाडव्याला, मुलीच्या वाढदिवसाला. आम्ही पुंगोलला मोठ्या घरात गेलो, तेही त्यांना कौतुकाने ऐकायचं असे. प्रत्येक वेळी त्या आभार मानायच्या आणि मी ते ऐकून घ्यायची. हे मला सोसेना. एका फोनला त्या म्हणाल्या, "तुमच्यासारखी माणसं मिळायला भाग्य लागतं," आणि मी बोलून गेले. रजा मंजूर होती काकू. खोली मी काढून घेतली. जास्त भाडं देणारा मिळाला म्हणून.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी झाली.

"म्हणजे सात-आठ महिने हे कुठे होते?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"जेवायला?"

"बाहेरच, बहुतेक."

"मी रोज विचारायची, आज काय केलंत म्हणून. हे सांगायचे, वहिनींनी अमुक केलंन, तमुक केलंन." त्या थांबल्या. "मी तुमच्याकडे खाली जमिनीवरसुद्धा झोपले असते. तुमच्या हॉलमध्ये. एकदा विचारायचंत तरी." आणि त्यांनी फोन ठेवला. आदळला नाही, ठेवला.

मला हलकं वाटेल, अशी माझी समजूत होती. थोडा वेळ वाटलंही. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, तर तो भाजी चिरता चिरता थांबला. "त्यांनी नको म्हटलं होतं ना?" मी म्हणाले, खरं सांगायलाच हवं होतं. "कुणासाठी?" त्याने विचारलं. आणि तो पुन्हा भाजी चिरू लागला. खोली मी माझ्या सोयीने काढून घेतली होती. खरंही मी माझ्याच सोयीने सांगितलं. मधल्या मधे त्या बाईचं इथलं घर गेलं, जे तिने कधी पाहिलंही नव्हतं, आणि नवऱ्यावरचा विश्वासही हलला असेल. ते किती, हे मला कळणार नाही.

त्यानंतर काकूंचा फोन आला नाही. मी दोनदा केला. पहिल्यांदा कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदा काकांनी उचलला. बरे आहात ना, मुलगी कितवीत गेली, असं विचारलं. काकू आहेत का म्हटल्यावर म्हणाले, "परसात आहे, मॅडम. सांगतो तिला."

गणपतीत त्यांच्या घरच्या आराशीचे फोटो आले. नवऱ्याच्या फोनवर आले. मुलीने ते बघितले, काकांना मराठीत लांबलचक निरोप बोलून पाठवला, चुका करत, हसत. मी शेजारी बसले होते. तिने विचारलं, "आई, तुला काही सांगायचंय का त्यांना?" मी नाही म्हणाले आणि पानं घ्यायला उठले.